प्लायवूडमधून माणूस कोरताना: स्क्रोल सॉवरची तसबीर आणि तिची चौकट

आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन, मावशींची पंचाहत्तरी, शाळेतून निवृत्त होणाऱ्या बाई. बडोद्यातल्या मराठी घरांत भेट काय द्यायची हा प्रश्न वरचेवर येतो आणि शाल-श्रीफळ, चांदीचं निरांजन यांच्यापुढे तो सहसा सरकत नाही. त्या माणसाचा चेहरा प्लायवूडमधून कोरून, चौकटीत बसवून दिला, तर ती भेट दिवाणखान्यात वर्षानुवर्षं राहते. मात्र त्यासाठी महिनाभर आधी कामाला लागायला हवं. त्यातही सर्वांत जास्त वेळ यंत्राला, म्हणजे स्क्रोल सॉ या बारीक पात्याच्या करवतीला नाही, कागदाला द्यायचा असतो. माणूस ओळखू येणार की नाही, हे करवत सुरू होण्याआधीच ठरून गेलेलं असतं. म्हणून या लेखात नकाशाबद्दल, म्हणजे कापण्यासाठी कागदावर काढलेल्या आराखड्याबद्दल, मी पुष्कळ लिहिणार आहे.

तत्त्व एका वाक्यात सांगता येतं: जिथे लाकूड राहतं तो उजेड, जिथे लाकूड कापून निघतं तो अंधार. मागे गडद कापड लावलं की कापलेल्या जागा काळोख्या दिसतात आणि चेहरा उभा राहतो. अट एकच, आणि ती कडक आहे. राहिलेलं सगळं लाकूड एकमेकांना कुठे ना कुठे जोडलेलं असलं पाहिजे. दिवाळीत वापरतो त्या रांगोळीच्या छाप्यात फुलाच्या मधला ठिपका जसा दोन बारीक काड्यांनी धरून ठेवलेला असतो, तसंच हे. जो तुकडा चारी बाजूंनी कापला गेला तो खाली गळून पडतो. अशा तुकड्याला आपण बेट म्हणू, आणि त्याला धरून ठेवणाऱ्या काडीला पूल.

फोटो निवडताना

सगळीकडून सारखा उजेड पडलेला फोटो या कामाला निरुपयोगी. मोबाइलच्या फ्लॅशने काढलेल्या फोटोत नाकाची सावलीच नसते, आणि सावली नसेल तर कापायचं काय? खिडकीजवळ, एका बाजूने उजेड येताना काढलेला फोटो घ्या. नाकाची एक बाजू, गालाखालचा खळगा, हनुवटीखालची मान यांवर ठळक सावली हवी. डोळे उघडे आणि स्पष्ट हवेत. दात दाखवून हसणारा चेहरा पहिल्या कामासाठी टाळा, कारण प्रत्येक दात वेगळा कापला तर तोंड जाळीसारखं दिसतं. मिटलेल्या ओठांचं हसू लाकडात फार छान उतरतं.

उजेड-सावली ओळखायची नजर तयार करायची असेल, तर लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात एक दुपार घालवा. राजा रविवर्म्याने गायकवाड घराण्यासाठी केलेली चित्रं तिथे आहेत. त्यातल्या एखाद्या व्यक्तिचित्रासमोर उभं राहून डोळे किलकिले करा. मधले सगळे रंग विरघळतात आणि चेहऱ्यावर फक्त उजळ आणि गडद असे दोन आकार उरतात. आपल्याला लाकडात हेच दोन आकार हवे आहेत. आपला फोटोही असाच किलकिल्या डोळ्यांनी पाहा. चेहरा तेवढ्यानेही ओळखू आला, तर फोटो चालेल.

जुना फोटो असेल तर तो फ्रेममधून काढून ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्या. काचेवरून काढलेल्या फोटोत चमक येते आणि ती नंतर सावलीशी भांडते.

मापं आताच ठरवा. पहिल्या कामाला २५० × ३०० मिमीची फळी पुरे. कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा निदान १५० मिमी उंच येऊ द्या. चेहऱ्याच्या रुंदीचा साधारण पाचवा भाग म्हणजे एक डोळा, हे चित्रकलेतलं जुनं प्रमाण आहे. म्हणजे चेहरा १०० मिमी रुंद असेल तर डोळा २० मिमीचा होईल आणि तो आरामात कापता येईल. डोळा १२ मिमीच्या खाली गेला की नवख्या हाताला पापणी आणि बुबुळ वेगळं ठेवणं अवघड जातं. नवरा-बायकोचा जोडीने फोटो कोरायची इच्छा बहुतेकांना होते. त्यासाठी फळी मोठी घ्यावी लागते, म्हणून ते दुसऱ्या कामासाठी ठेवा.

नकाशा

संगणकावर गिम्प हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरतं. फोटो आधी रंगहीन करा, मग गॉशियन ब्लरने किंचित धूसर करा, म्हणजे त्वचेवरचे बारीक ठिपके जातील. त्यानंतर ‘थ्रेशोल्ड’ हे साधन उघडा आणि त्याची पट्टी डावी-उजवीकडे सरकवा. फोटो निव्वळ काळा-पांढरा होतो: काळं ते कापायचं, पांढरं ते राहणारं लाकूड. एकच आकडा सगळ्या चेहऱ्याला कधीच लागू पडत नाही. डोळे नीट दिसावेत असा आकडा ठेवला तर गालावर डाग पडतात, गाल स्वच्छ ठेवले तर नाक नाहीसं होतं. म्हणून वेगवेगळ्या आकड्यांवर तीन प्रती करा, एकावर एक थर ठेवा आणि डोळे एकीतून, गाल दुसरीतून, केस तिसरीतून घ्या. ज्यांना संगणकाचा कंटाळा आहे त्यांनी तीनही प्रतींचे प्रिंट काढून त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवावा आणि खिडकीच्या काचेवर धरून पेनाने आकार उतरवावेत. हाताने काढलेली रेघ मला तरी जास्त आवडते. संगणकाची कड दातेरी येते, हाताची रेघ वळण घेते, आणि करवतीलाही वळणच सोपं जातं.

आता सफाई. दोन मिलिमीटरपेक्षा लहान काळे ठिपके पुसून टाका. काळ्याच्या आतले पांढरे कणही पुसा. बाहेरून २० मिमी रुंदीची पांढरी चौकट काढा. तिचा काही भाग लाकडी फ्रेमखाली झाकला जाणार आहे आणि सगळ्या चेहऱ्याचं वजन शेवटी तिच्यावरच येणार आहे.

मग परीक्षा. बकेट फिल हे साधन घेऊन पांढऱ्या चौकटीवर एकदा क्लिक करा आणि लाल रंग ओता. जिथपर्यंत लाकूड सलग आहे तिथपर्यंत लाल पसरेल. जे पांढरं उरेल ते बेट. ट्रेसिंग पेपरवर काम करत असाल तर रंगीत पेन्सिल न उचलता पांढऱ्या भागातून फिरवून पाहा.

प्रत्येक बेटाबद्दल निर्णय घ्यायचा. त्याची गरज नसेल तर ते काळं करून टाका. गरज असेल तर पूल बांधा. पूल कुठे बांधायचा यात या कलेचं निम्मं कौशल्य आहे. जिथे उजेड पडण्याची शक्यता आहे तिथेच तो खपतो: नाकाचा कणा, गालफडाचा वरचा भाग, डोळ्याचा बाहेरचा कोपरा, केसांची एखादी बट, चष्म्याच्या काडीचा सांधा. ओठांच्या मधल्या रेषेवर किंवा बुबुळाच्या आडवा पूल टाकलात तर चेहराच बदलतो. पहिल्या कामात पुलाची रुंदी अडीच मिलिमीटरच्या खाली नेऊ नका, आणि लांब, बारीक, एकाच टोकाने धरलेली काडी कुठेही राहू देऊ नका. ती कापताना थरथरते आणि पुसताना मोडते.

काही अवघड जागा मराठी घरातल्या चेहऱ्यांत हमखास येतात. पांढरे केस ही त्यातली पहिली. आजोबांचे केस पांढरे आणि मागची पार्श्वभूमीही उजळ असेल तर डोकं पार्श्वभूमीत मिसळून जातं. अशा वेळी डोक्यामागची पार्श्वभूमी कापून अंधारी करायची आणि केसांच्या दोन-तीन बटा बाहेरच्या चौकटीपर्यंत नेऊन पूल म्हणून वापरायच्या. काळेभोर केस असतील तर उलट अडचण: सगळं डोकं एक मोठं भोक होतं. मग केसांत तेलाच्या चमकेसारख्या चार-पाच उजळ रेघा ठेवा, कपाळापासून माथ्यापलीकडे जाणाऱ्या. त्यांनी केसही दिसतात आणि फळीही बळकट राहते.

चष्म्याची काळी गोल कड पूर्ण कापली तर आतला डोळा बेट होऊन गळतो. ही कड दोन ठिकाणी तोडा, एकदा नाकाजवळ आणि एकदा वर, जिथे उजेड चमकला असता तिथे. पाहणाऱ्याची नजर ती तुटलेली रेघ आपोआप पूर्ण करते. बुबुळातला उजेडाचा ठिपका तर हवाच, त्याच्याशिवाय डोळा मेलेला वाटतो. तो बुबुळाच्या अगदी मध्यात न ठेवता वरच्या पापणीच्या कडेला टेकवा, म्हणजे वेगळा पूल लागत नाही. नथ फार बारीक पडते. ती कापण्यापेक्षा नाकाजवळ एक लहान अर्धचंद्र कापणं पुरेसं.

आणि कुंकू. ते गोल भोक म्हणून कापा आणि मागे गडद कापडाऐवजी तेवढ्याच जागी लाल कापडाचा तुकडा चिकटवा. सगळ्या चित्रात तो एकच रंग असतो आणि आजी ओळखायला तेवढा पुरतो.

नकाशा पूर्ण झाला की छपाईच्या दुकानातून ए३ कागदावर शंभर टक्के मापात प्रिंट घ्या. ‘फिट टू पेज’ चालू असेल तर माप बदलतं, म्हणून प्रिंट हातात आल्यावर चौकट पट्टीने मोजा. तो कागद भिंतीवर लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाहून पाहा. आरशातही पाहा. एखाद्या भावंडाला काही न सांगता दाखवा. ओळखायला वेळ लागला तर कागदावरच दुरुस्ती करा. हे मी आग्रहाने सांगते आहे: कागद पटेपर्यंत लाकडाला हात लावू नका. आणि एकूण काळे डाग, म्हणजे एकूण भोकं, पहिल्या तसबिरीत चाळीसच्या आसपास ठेवा.

प्लाय

फर्निचरचा साधा कमर्शियल प्लाय या कामाला चालत नाही. त्याच्या आतल्या थरांत पोकळ्या असतात आणि नेमक्या पुलाच्या जागी पोकळी आली की पूल तुटतो. प्लायवर आयएस ३०३ लिहिलेलं असेल तर तो सर्वसाधारण वापराचा, आयएस ७१० म्हणजे मरीन. मरीन पाण्याला टिकतो, पण त्याचा गोंद कठीण असतो आणि बारीक पाती लवकर बोथट करतो. आपल्याला बर्च प्लाय हवा: फिकट रंगाचा, बारीक रेषांचा, आत पोकळी नसलेला. लेझर कटिंगचं साहित्य विकणाऱ्यांकडे तो लहान तुकड्यांत मिळतो. ४ मिमी जाडी घ्या. दुकानात ‘वच्चे पोलाण नथी ने?’ (मध्ये पोकळी नाही ना?) असं गुजरातीत विचारण्यावर थांबू नका, चारी कडा स्वतः पाहा आणि फळी सपाट टेबलावर ठेवून कोपरे दाबा. डुगडुगणारी फळी परत करा.

पावसाळ्यात आणलेली फळी आठवडाभर घरात वजनाखाली आडवी ठेवा, मग वापरा. वरच्या थराच्या रेषा चेहऱ्यात उभ्या येतील अशी फळी कापा. गाठ असेल तर ती कापून जाणाऱ्या भागात येईल असा नकाशा सरकवा. कापण्याआधीच पुढची बाजू १८० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घ्या, कारण नंतर जाळीवर जोराने घासता येत नाही.

यंत्र आणि पाती

स्क्रोल सॉमध्ये एक बारीक पातं उभं ताणलेलं असतं आणि ते वर-खाली चालतं. पात्याची लांबी बहुतेक यंत्रांत ५ इंच. पात्याला ज्या यंत्रात टोकाशी आडव्या पिना लागतात ते या कामाला गैरसोयीचं, कारण पिन जाण्यासाठी जवळजवळ ५ मिमीचं भोक पाडावं लागतं आणि डोळ्याच्या कोपऱ्यात एवढी जागाच नसते. बिनपिनेची, साध्या टोकाची पाती धरणारं यंत्र घ्या किंवा तसा क्लॅम्प बसवून घ्या. मग १ ते दीड मिमीच्या भोकातूनही पातं जातं. ४ मिमी बर्चसाठी १ ते ३ नंबरची, उलट दात असलेली पाती योग्य. त्यांचे खालचे काही दात वरच्या दिशेने असतात, त्यामुळे फळीच्या मागच्या बाजूला कुसं कमी निघतात. स्पायरल पात्याला चारी बाजूंनी दात असतात. ते सोपं वाटतं, पण त्याची रेघ रुंद आणि खरबरीत येते, चेहऱ्यासाठी मी ते वापरत नाही.

यंत्र नसेल तर हाताचा फ्रेट सॉ, म्हणजे हाताने चालवायची बारीक पात्याची करवत आहे. टेबलाच्या कडेला व्ही आकाराची खाच असलेली फळी क्लॅम्पने बसवा, काम तिच्यावर ठेवा आणि करवत उभी धरून चालवा. वेळ बराच जास्त लागतो, पण काम तितकंच नीट होतं. हल्ली कोणीही सांगतं की लेझरवर दहा मिनिटांत कापून मिळेल. मिळेल, पण लेझरने कड जळून तपकिरी होते. करवतीने कापलेली कड फिकट राहते आणि उजेड तिच्यावर पडला की चेहऱ्याला खोली येते. भेट म्हणून देणार असाल तर हा फरक मोलाचा आहे.

पातं बसवल्यावर दोन गोष्टी तपासा. लहान गुण्या (सुताराचं काटकोन तपासायचं साधन) टेबलावर ठेवून पातं काटकोनात आहे का पाहा. मग पात्याला बोटाने टिचकी मारा. स्वच्छ, उंच स्वर आला पाहिजे. सैल पातं वळणावर पोटात वाकतं आणि फळीच्या वर एक आकार, खाली दुसराच आकार कापतं.

हात बसण्यासाठी आधी एक सोपं काम करा. सयाजीबागेजवळचा काळा घोडा, म्हणजे सयाजीराव महाराजांचा अश्वारूढ पुतळा, त्याची नुसती बाह्यरेषा टाकाऊ प्लायवर कापून पाहा. घोड्याचे पाय, शेपूट, लगाम यांत सगळ्या प्रकारची वळणं येतात.

चिकटवणं आणि भोकं पाडणं

फळीच्या पुढच्या बाजूवर मास्किंग टेप पट्ट्या-पट्ट्यांनी सलग लावा. नकाशाच्या मागे ग्लू स्टिक किंवा स्प्रे गोंद लावून तो टेपवर चिकटवा. वरून पारदर्शक पॅकिंग टेप लावा. या वरच्या टेपमुळे पातं कमी तापतं आणि लाकूड कमी जळतं. खालच्या मास्किंग टेपमुळे शेवटी कागद सहज निघतो.

दोन फळ्या एकावर एक ठेवून कडेने टेप गुंडाळली तर एकाच मेहनतीत दोन तसबिरी होतात. भावाला एक, बहिणीला एक. शिवाय खालची फळी वरचीला आधार देते.

प्रत्येक काळ्या भागात एक भोक, रेषेपासून थोडं आत. खाली टाकाऊ लाकूड घट्ट ठेवून ड्रिल करा, नाहीतर मागची बाजू फुटते. डोळे-ओठांसाठी १ मिमी, मोठ्या जागांसाठी २ मिमी. सगळी भोकं एकदम पाडून घ्या, मग मागची कुसं पॉलिश पेपरने काढा. मागची बाजू सपाट नसेल तर फळी टेबलावर अडखळते आणि डोळ्याच्या वळणावरच दगा देते.

कापणं

एन९५ मास्क आणि चष्मा लावा. प्लायचा भुसा फार बारीक असतो आणि त्यात गोंदाची धूळ असते. ओढणी, सैल बाह्या, बांगड्या बाजूला. बोटं पात्याच्या समोर नकोत, बाजूला ठेवा.

क्रम असा: आधी डोळे, मग नाक-ओठ, मग सुरकुत्या आणि भुवया, मग केस आणि कपडे, सगळ्यात शेवटी पार्श्वभूमीचे मोठे भाग. फळी भक्कम असते तोवर नाजूक काम उरकायचं. मोठी जागा आधी कापली तर उरलेली फळी थरथरायला लागते. पात्याचं वरचं टोक सोडा, भोकातून ओवा, पुन्हा पकडा, ताण द्या, कापा, ताण सोडा. प्रत्येक भोकाला हेच. घाई इथे होते, आणि ताण द्यायचं विसरलं की पातं तुटतं.

फळी ढकलू नका, पात्यात फिरवा. पातं सरळ रेषेतही किंचित एका बाजूला ओढतं, कारण बनवताना त्याच्या एका बाजूला धार जास्त राहते. काम किती तिरकं धरायचं ते पहिल्याच सरळ रेघेवर कळतं. टोकदार कोपऱ्यात दोन्ही बाजूंनी येऊन थांबा, तिथे पातं गिरवू नका. रेघेच्या काळ्या बाजूने कापा, म्हणजे चुकलंच तर लाकूड जास्त राहील, कमी नाही. पातं जळका वास देऊ लागलं किंवा जोर लावावा लागला की लगेच बदला. प्लायमध्ये ते अर्ध्या तासातही बोथट होतं. पाती डझनानेच आणून ठेवावीत.

एखादा पूल तुटला तर तुकडा शोधा, दाताच्या काडीने सायनोॲक्रिलेट (फेविक्विकसारख्या) गोंदाचा एक थेंब लावा आणि खाली प्लॅस्टिकचा कागद ठेवून दाबा. म्हणून काम पूर्ण होईपर्यंत खोलीत झाडू मारू नका, आणि नकाशाचा कागदही तोवर काढू नका.

पॉलिश

कागद हळूहळू, पुलाच्या दिशेने सोलून काढा. टेप चिकटून बसली तर केस वाळवायचा ड्रायर फिरवा. मागच्या बाजूची कुसं सपाट ठोकळ्यावर गुंडाळलेल्या २२० नंबरच्या पेपरने, आणि भोकांच्या आतली सोनारांकडे असते तसल्या बारीक कानशीने काढा. मऊ ब्रशने भुसा झटका.

ब्रशने पॉलिश लावायचं टाळा. ते भोकांच्या कडांवर साचतं. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पातळ केलेलं पॉलिश फवाऱ्याने दोन-तीन हात मारलं तर बर्चला मधासारखी हलकी छटा येते. किंवा डबल बॉइल्ड अळशीचं तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात मिसळून, सपाट ट्रेमध्ये फळी बुडवून, निथळून, कापडाने टिपून घ्या. तेलाने रेषा सुंदर उठतात, पण वाळायला आठवडा द्या. तेलाचे बोळे चुरगळून कचऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेटू शकतात. उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. पॉलिश कोणतंही असो, दोन्ही बाजूंना सारखंच मारा. एकाच बाजूला मारलेली फळी वाकते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लाखेवर पांढुरकी झाक येते, तेव्हा कोरडा दिवस पाहा. मे महिन्यात दुपारच्या उन्हात फवारा हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो, तेव्हा सकाळी लवकर करा.

मागचं कापड

काळं कापड सर्वांत ठळक दिसतं आणि सगळे तेच लावतात. हयात माणसाला भेट द्यायची असेल तर मी काळं लावत नाही. आपल्या घरांत काळ्या-पांढऱ्या तसबिरीवर चंदनाचा हार चढलेला असतो, आणि ऐंशी पूर्ण केलेल्या आजोबांच्या हातात तशी दिसणारी वस्तू देताना घरातल्यांना धस्स होतं. गडद मरून किंवा कॉफी रंगाचं फेल्ट, म्हणजे नमद्यासारखं दाबलेलं कापड घ्या. अंधार तेवढाच पडतो आणि तसबीर ऊबदार दिसते. कापड चमकणारं नको, मखमलही उजेडात चकाकते.

३ मिमी हार्डबोर्डवर फेल्ट ताणून चिकटवा. कुंकवाचा लाल तुकडा आधी खूण करून त्यावर लावा. आता फळी आणि कापड यांच्यामध्ये ५ मिमी जाडीच्या, १० मिमी रुंदीच्या लाकडी पट्ट्या फक्त चारी कडांना लावा. या फटीमुळे चेहऱ्याची सावली कापडावर पडते. दिवसभर उजेड सरकतो तसा भाव थोडा बदलतो. पूल फार नाजूक असतील तर फट न ठेवता फळी थेट फेल्टवर बसवा.

चौकट

बाजारातल्या तयार फ्रेमपट्टीची खाच उथळ असते, आपला गठ्ठा तिच्यात मावत नाही. बेरीज करा: काच २ मिमी, काचेमागची पट्टी ३, फळी ४, फट ५, हार्डबोर्ड ३. एकूण १७ मिमी. मागून खिळे मारायला जागा हवी, म्हणून खाच २० मिमी खोल. सुताराकडून ३० × ३० मिमीची सागवानी पट्टी आणि तिच्यात ८ मिमी रुंद, २० मिमी खोल खाच काढून घ्या.

फळी २५० × ३०० आहे. लाकूड दमटपणात फुगतं, म्हणून खाचेत प्रत्येक बाजूला दीड मिमी मोकळीक ठेवून २५३ × ३०३ धरा. पट्टीची बाहेरची लांबी = २५३ + २ × (३० − ८) = २९७ मिमी, आणि तसंच दुसरी ३४७. चार पट्ट्या मिळून १२८८ मिमी, शिवाय तिरक्या कापांत जाणारं लाकूड. पाच फुटी पट्टी पुरते. दर्शनी भाग २३७ × २८७ राहील. नकाशातली २० मिमीची कड इथे कामी येते: साडेसहा मिमीच्या आसपास झाकली जाते, बाकीची चेहऱ्याभोवती श्वासाला जागा म्हणून दिसते.

कोपरे ४५ अंशात माइटर बॉक्समध्ये, म्हणजे तिरक्या खाचा असलेल्या साच्यात कापा. समोरासमोरच्या पट्ट्या पाठीला पाठ लावून तपासा, लांबीत केसाचाही फरक नको. अंश किंचित चुकला तर भरता येतं, लांबी चुकली तर कोपरा कधीच मिटत नाही. कापलेलं टोक गोंद पिऊन टाकतं, म्हणून आधी फेविकॉलचा पातळ हात द्या, पाच मिनिटं थांबा, मग दुसरा हात देऊन जोडा. बँड क्लॅम्प (चौकटीभोवती आवळायचा पट्टा) नसेल तर सुतळीचे वेढे देऊन त्यात लाकडी पाचरी घाला. गोंद ओला असतानाच कर्ण मोजा. आपल्या मापात दोन्ही कर्ण सुमारे ४५७ मिमी आले पाहिजेत. एक लांब आला तर त्या दिशेने हलकं दाबा. रात्रभर हलवू नका.

घरी गुजरातमधल्या संखेडा गावचा लाखकामाचा पाट, झुला किंवा खुर्च्या असतील, तर चौकटीला मरून लाखकामाचा रंग आणि आतल्या कडेला सोनेरी बारीक रेघ फार शोभते. नाहीतर सागवान आहे तसंच, नुसतं मेण लावून.

काच लावायची की नाही? बडोद्याच्या उन्हाळ्यातली धूळ जाळीत बसली की काढणं कटकटीचं, म्हणून मी काच लावायला सांगेन. मात्र ती फळीला टेकू नये, मधली ३ मिमी पट्टी त्यासाठीच आहे. ही पट्टी ६ मिमीपेक्षा रुंद नको, नाहीतर चौकटीच्या ओठाबाहेर डोकावते. भेट कुरिअरने पुण्याला किंवा परदेशी जाणार असेल तर काचेऐवजी ॲक्रिलिक वापरा. त्यावर चरे पडतात, पण ते फुटत नाही.

सगळं आत बसवण्याआधी काचेची आतली बाजू पुसा, फळीवर ब्रश फिरवा, उजेडात धरून एखादं कुस अडकलंय का पाहा. मग हार्डबोर्ड ठेवून बारीक खिळे आडवे मारा आणि मागची फट ब्राउन पेपर टेपने बंद करा. वरून एक तृतीयांश अंतरावर दोन्ही बाजूंना आय स्क्रू (टोकाला कडी असलेले स्क्रू) बसवा आणि त्यात वेटोळी तार बांधा, थोडी सैल. खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बटणं लावली की चौकट भिंतीपासून सुटी राहते आणि मागे ओल धरत नाही.

मागे एक चिठ्ठी चिकटवा: नाव, प्रसंग, तारीख, कोणी केली, आणि पुसण्याची सूचना. ज्यांना भेट मिळते त्यांना ती कशी सांभाळायची हे ठाऊक नसतं. काच नसेल तर कोरड्या, मऊ ब्रशने धूळ झटकावी, ओलं फडकं लावू नये. समोरून ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नये, बर्च पिवळा पडतो आणि फेल्ट विटतं. आणि फळीचा उरलेला एखादा बोटभर तुकडा पाकिटात घालून त्या चिठ्ठीमागेच ठेवा. पुढे कधी पूल मोडला तर जोडायला त्याच रंगाचं लाकूड हाताशी असेल.